संकेतस्थळावरील चित्रें आणि वाचकाचा वेळ

घरीं पाहुणा आला असतां त्याला दारांत ताटकळत ठेवून यजमान आंत तसबिरी टांगीत बसला, तर त्या यजमानाला कोणी सुसंस्कृत म्हणणार नाहीं. संकेतस्थळांच्या दारांत मात्र हा प्रकार रोज घडत असतो. वाचक मोबाइलवर एखादें पान उघडतो. त्याला हवी असते एखादी तारीख, एखादा बाजारभाव किंवा एखाद्या अर्जाचा नमुना. परंतु पानाच्या माथ्यावर एक भलें मोठें चित्र असतें. तें वरून खालीं पट्टीपट्टीनें उतरत राहतें, आणि हवा असलेला मजकूर त्या चित्रामागें खोळंबून पडतो. कांहीं वाचक थांबतात, पुष्कळसे कंटाळून निघून जातात. संकेतस्थळाच्या चालकाला बहुधा याची वार्ताहि नसते. कारण त्याच्या कार्यालयांतील जलद तारेवर तेंच पान क्षणार्धांत उघडतें.

यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागांत, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवर, उमरखेड तालुका आहे. पैनगंगा नदी त्याच्या कडेनें वाहते, आणि तिच्या नांवाचें अभयारण्यहि याच बाजूला पसरलेलें आहे. उमरखेड शहरांत मोबाइलची लहर चांगली मिळाली, तरी अरण्याच्या कडेच्या वाडीवस्तीवर ती तशीच मिळेल असें नाहीं. आतां अशी कल्पना करावी कीं, या तालुक्याची माहिती देणारें एक संकेतस्थळ कोणी तयार करीत आहे. त्यावर चार प्रकारच्या वस्तु मांडावयाच्या आहेत. पावसाळ्यांत दुथडी भरलेल्या पैनगंगेवरील सहस्रकुंडाच्या धबधब्याचें छायाचित्र ही पहिली. तालुक्यांतील रस्ते व गांवें दाखविणारा नकाशा ही दुसरी. संस्थेचें बोधचिन्ह ही तिसरी. आणि सहीशिक्क्यासह लावलेली एक सूचना ही चौथी. वरवर पाहतां चारही चित्रेंच; परंतु प्रत्येकाची प्रकृति निराळी आहे. ती न ओळखतां चौघांनाहि एकच औषध दिलें, म्हणजे पान जड होतें. प्रकृति ओळखून औषध दिलें, कीं तेंच पान हलकें होतें. साऱ्या विषयाचें सार एवढेंच आहे; बाकीचा त्याचा विस्तार.

प्रथम वजनाचा हिशेब पाहूं. संगणकावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. रांगोळीचे ठिपके जसे मोजतां येतात, तसे हेहि मोजतां येतात. मोबाइलचा कॅमेरा सामान्यतः ४००० ठिपके रुंद व ३००० ठिपके उंच असें छायाचित्र घेतो. म्हणजे एकूण १ कोटि २० लक्ष ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्यांतील तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांचें प्रमाण लिहिण्यास तीन बाइट लागतात. तेव्हां कांहींहि न दाबतां हें चित्र सांठवावयाचें तर ३६ मेगाबाइट जागा लागेल. मोबाइल तें आपणच दाबून सुमारें ३ ते ५ मेगाबाइटांचें करतो, म्हणून तें सहज सांठवतां येतें. परंतु घरच्या संग्रहासाठीं जें वजन ठीक, तें परगांवीं पाठविण्यासाठीं ठीक असतेंच असें नाहीं.

समजा, एका पानावर ४ मेगाबाइटांचीं दहा छायाचित्रें आहेत, आणि वाचकाकडे सेकंदाला २ मेगाबिट एवढाच ओघ पोंचतो. एका बाइटांत ८ बिट असतात. म्हणून ४ मेगाबाइटांचे ३२ मेगाबिट होतात आणि एका चित्राला १६ सेकंद लागतात. दहा चित्रांना १६० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटांहून अधिक. हींच चित्रें प्रत्येकीं १५० किलोबाइटांचीं केलीं, तर एकाला ०.६ सेकंद आणि दहांना ६ सेकंद पुरतात. ही झाली वेळेची गोष्ट. पैशाचीहि गोष्ट तशीच आहे. ज्याच्या पॅकमध्यें दिवसाला १ गिगाबाइट मिळतो, त्याचा सारा सांठा असें ४० मेगाबाइटांचें पान पंचवीस वेळां उघडतांच संपेल. दीड मेगाबाइटांचें पान तो सहाशेंहून अधिक वेळां उघडूं शकेल. चित्राचें वजन चालकाच्या खात्यांत फारसें दिसत नाहीं. तें वाचकाच्या खिशांतून जातें.

आतां दाबणें म्हणजे काय? यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. तेव्हां कापसाचाच दृष्टान्त घ्यावा. जिनिंगमध्यें कापसांतून सरकी वेगळी काढतात, आणि प्रेसिंगमध्यें उरलेली रुई दाबून तिच्या गांठी बांधतात. या दोन क्रियांचा स्वभाव निराळा आहे. गांठ सोडली कीं सारी रुई जशीच्या तशी परत मिळते. दाबल्यानें तिच्यांतला एक तंतूहि कमी होत नाहीं. सरकी मात्र एकदां काढली म्हणजे ती त्या बोंडांत पुन्हां भरतां येत नाहीं. चित्रें हलकीं करण्याच्याहि याच दोन पद्धति आहेत. एकींत चित्र केवळ गांठीसारखें बांधलें जातें आणि उघडतांच ठिपक्याला ठिपका परत मिळतो; हें निर्हानि संकोचन. दुसरींत डोळ्याला ज्याची उणीव फारशी भासणार नाहीं असा भाग आधीं काढून टाकतात आणि मग गांठ बांधतात. हें सहानि संकोचन. दुसरीनें वजन फार घटतें, परंतु गेलें तें गेलें.

कोणत्या चित्राला कोणती पद्धति, हा प्रश्नहि नवा नाहीं. छापखान्यांतील ब्लॉक करणारे कारागीर तो शंभर वर्षांपूर्वीं रोज सोडवीत असत. रेषांचें चित्र, नकाशा किंवा सही छापावयाची असली, म्हणजे ते लाइन ब्लॉक करीत. त्यांत काळें तें काळें आणि पांढरें तें पांढरें, मधली छटा नाहीं, म्हणून रेषेची धार तीक्ष्ण उमटे. छायाचित्र असलें, म्हणजे कांचेवरील जाळीतून त्याचा फोटो घेऊन हाफटोन ब्लॉक करीत. त्यांत लहानमोठ्या ठिपक्यांनीं गडद-फिकट छटांचा आभास होई. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढें आणणारे दादासाहेब फाळके त्यापूर्वीं याच ब्लॉक व मुद्रणाच्या धंद्यांत होते. नकाशाला हाफटोन लावला तर रेषा भुरकट होत. छायाचित्राला लाइन ब्लॉक लावला तर चेहऱ्याच्या जागीं काळे डाग उमटत. कागदाप्रमाणें जाळीहि बदलावी लागे. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदाला इंचास ६५ रेषांच्या आसपासची विरळ जाळी पुरे. गुळगुळीत आर्ट पेपरला १३३ रेषांची दाट जाळी चाले. खरबरीत कागदावर दाट जाळी वापरली, तर शाई भरून चित्र बिघडे. चित्राची जात पाहावी आणि तें जेथें उमटणार ती जागा पाहावी, हे त्या कारागिरांचे दोन नियम आजहि तसेच लागू आहेत.

सहस्रकुंडाच्या छायाचित्रासाठीं हाफटोनच्या जागीं आज जी पद्धति सर्वांत रूढ आहे, तिचें नांव जेपेग. छायाचित्रतज्ज्ञांची एक संयुक्त समिति १९८६ सालीं स्थापन झाली आणि तिनें सिद्ध केलेलें हें प्रमाण १९९२ सालीं मान्य झालें. त्याच्या मुळाशीं जें गणित आहे, त्याचा उगम एका भारतीयाच्या कल्पनेंत आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. अमेरिकेंतील कॅन्सस स्टेट विद्यापीठांत असतांना १९७२ सालीं त्यांनीं या संशोधनासाठीं तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितलें. तें मिळालें नाहीं. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९७४ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला. त्यांत मांडलेल्या रीतीला विविक्त कोज्या रूपांतर म्हणतां येईल. आज मोबाइलवर जेपेग छायाचित्र पाहणारा प्रत्येक मनुष्य नकळत या गणिताचा लाभ घेत असतो.

ती रीति थोडक्यांत अशी. चित्राचे ८ बाय ८, म्हणजे ६४ ठिपक्यांचे लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनांतील उजेड-अंधाराचा चढउतार हा कांहीं ठराविक नमुन्यांच्या बेरजेनें लिहितां येतो. जसा एखादा नाद मंद्र, मध्य व तार स्वरांच्या मिश्रणानें सांगतां यावा. यांपैकीं संथ चढउतार डोळ्याला स्पष्ट जाणवतात, आणि अतिशय जलद व बारीक चढउतार फारसे जाणवत नाहींत. म्हणून संथ नमुन्यांचे आंकडे जपून ठेवतात आणि जलद नमुन्यांचे आंकडे ढोबळ करतात. त्यांतले पुष्कळसे शून्य होऊन जातात. शिवाय आपला डोळा उजेडाचा फरक जितक्या सूक्ष्मपणें टिपतो, तितका रंगाचा टिपत नाहीं. म्हणून रंगाची माहिती बहुधा अधिक विरळ ठेवतात. एवढी सरकी काढली, कीं मग जें उरतें त्याची गांठ बांधतात. धबधब्याचा फेंस, आकाश, खडक, झाडी, माणसांचे चेहरे, यांच्या छटा हळूहळू बदलतात. त्यांना ही पद्धति फार मानवते. जेपेग करतांना १ ते १०० असा गुणतेचा आंकडा विचारला जातो. तो शेंकडेवारी नव्हे, केवळ एक मापपट्टी आहे. संकेतस्थळासाठीं ७५ ते ८५ मधील आंकडा बहुतेक छायाचित्रांना पुरतो. १०० ठेवल्यानें वजन फार वाढतें आणि डोळ्याला लाभ क्वचितच दिसतो.

परंतु हीच पद्धति नकाशाला किंवा अक्षरांना लावली, कीं तिचा दोष उघड होतो. काळ्या अक्षराची कड पांढऱ्या कागदाला जेथें भिडते, तेथें अतिशय जलद चढउतार असतो, आणि नेमका तोच जेपेग ढोबळ करून टाकते. मग अक्षराभोंवतीं करड्या धुळीसारखे कण दिसूं लागतात. देवनागरीला तर शिरोरेषा, काना, मात्रा, अनुस्वार अशीं बारीक अंगें. त्यांत अनुस्वार पुसट झाला तर अर्थच बदलावयाचा. दुसरा दोष असा कीं, जेपेग चित्र उघडून, बदलून पुन्हां जेपेग म्हणून ठेवलें, म्हणजे पुन्हां थोडी सरकी निघते. एका मोबाइलवरून दुसऱ्यावर संदेशांतून फिरत फिरत आलेलें चित्र धूसर दिसतें, त्याचें एक कारण हें. वाटेंत तें पुनःपुन्हां दाबलें गेलेलें असतें.

म्हणून बोधचिन्ह, आकृति, आलेख यांसारख्या सपाट रंगांच्या व तीक्ष्ण कडांच्या चित्रांना निर्हानि पद्धतिच योग्य. अशा पद्धतींत आधीं प्रचारांत आली ती जी.आय.एफ., १९८७ सालीं. तिच्या एका चित्रांत २५६ च रंग मावतात. तिच्या संकोचनक्रियेवर एका कंपनीचें पेटंट होतें, आणि त्यासाठीं शुल्क मागण्याची घोषणा १९९४ सालाच्या अखेरीस झाली. तेव्हां जगभरच्या जाणकारांनीं एकत्र येऊन सर्वांना मोफत वापरतां येईल अशी नवी पद्धति रचली, तीच पी.एन.जी. तिचें पहिलें प्रमाण १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. तींत लक्षावधि रंग मावतात, एकहि ठिपका हरवत नाहीं, आणि चित्राचा कांहीं भाग पारदर्शक ठेवतां येतो, म्हणजे बोधचिन्हामागें पांढरा चौकोन दिसत नाहीं. परंतु ‘कांहींच हरवत नाहीं’ या शब्दांना भुलून धबधब्याचें छायाचित्र पी.एन.जी. करूं नये. छायाचित्रांत शेजारशेजारचे ठिपकेहि थोडेथोडे निराळे असतात, त्यामुळें गांठ घट्ट बांधली जात नाहीं, आणि वजन जेपेगच्या कित्येक पटींनीं वाढतें.

बोधचिन्ह आणि नकाशा यांच्यासाठीं याहूनहि चांगली एक वाट आहे. भूमितीच्या वहींत वर्तुळ काढावयाचें तर हजार ठिपके मांडीत बसत नाहींत. मध्यबिंदु आणि त्रिज्या सांगितली कीं काम होतें. एस.व्ही.जी. ही पद्धति अशीच आहे. जागतिक वेब संघानें, म्हणजे डब्ल्यू.थ्री.सी.नें, ती २००१ सालीं प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यांत ठिपके नसतात. ‘येथून येथपर्यंत रेषा, हा वक्र, हा रंग’ अशा सूचना असतात. म्हणून चित्र बोटाएवढें करा कीं भिंतीएवढें करा, रेषेची धार तशीच राहते, आणि साध्या बोधचिन्हाचें वजन अवघें दोन-चार किलोबाइटहि असूं शकतें. मात्र ज्या नकाशांत हजारों बारीक वळणें आहेत, त्याच्या सूचनाच इतक्या लांबतात कीं लाभ उरत नाहीं. तेथें अनावश्यक वळणें कमी करावीं, किंवा पी.एन.जी.चा आश्रय घ्यावा. छायाचित्राला तर ही पद्धति लागूच नाहीं. फेंसाळ पाण्याला त्रिज्या कोठून आणावयाची?

राहिली चौथी वस्तु, म्हणजे सूचना. तिचें खरें औषध कोणत्याहि चित्रपद्धतींत नाहीं. तें औषध असें, कीं सूचना चित्र म्हणून लावूंच नये. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यांत स्थान आहे. परंतु ती सर्वत्र रुळेपर्यंत बरींच वर्षें गेलीं. ज्याचा त्याचा फाँट निराळा असे, आणि एकाचें मराठी दुसऱ्याच्या संगणकावर चिन्हांचा गोंधळ होऊन उमटे. त्या दिवसांत मजकुराचें चित्र करून लावणें हा एक निरुपायाचा उपाय होता. आतां साध्या मोबाइलवरहि देवनागरी नीट उमटते. तरीहि टंकलेल्या कागदाचा फोटो काढून तोच संकेतस्थळावर लावण्याची संवय पुष्कळ ठिकाणीं टिकून आहे. तिची किंमत किती, तें पाहावें. युनिकोडच्या प्रचलित लेखनांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे व्यंजन, काना, मात्रा या प्रत्येकाला, ३ बाइट लागतात. दोन हजार चिन्हांची सूचना ६००० बाइटांची, म्हणजे सुमारें ६ किलोबाइटांची झाली. तिचाच फोटो ३ मेगाबाइटांचा असला, तर तो पांचशें पटींनीं जड झाला.

आणि वजन हा तर त्यांतला लहानच दोष. फोटोंतील मजकूर शोधयंत्रांना सहजासहजीं सांपडत नाहीं. त्यांतील तारीख किंवा क्रमांक उचलून घेतां येत नाहीं. म्हाताऱ्या माणसानें अक्षर मोठें केलें तर ओळी पडद्याबाहेर जातात. आणि दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखविणारें साधन अशा चित्रापुढें मुकें होतें. सही व शिक्का दाखविणें आवश्यकच असेल, तर मजकूर अक्षरांत द्यावा आणि खालीं मूळ कागदाची प्रत पाहण्याची सोय ठेवावी; ज्याला ती हवी तो उघडील. जीं चित्रें लावावयाचीं, त्यांनाहि एका ओळीचें वर्णन जोडण्याची सोय असते. ‘चित्र क्रमांक १’ असें न लिहितां ‘पावसाळ्यांतील सहस्रकुंडाचा धबधबा’ असें लिहावें. चित्र येईपर्यंत तेवढी ओळ तरी वाचकाच्या हातीं लागते.

गेल्या दीड दशकांत छायाचित्रांसाठीं आणखी दोन पद्धति पुढें आल्या आहेत. गूगल कंपनीनें २०१० सालीं वेबपी ही पद्धति जाहीर केली. चलचित्रें दाबण्याच्या शास्त्रांतून ती निघाली. तिच्यांत सहानि व निर्हानि अशीं दोन्ही अंगें आहेत आणि पारदर्शकताहि आहे. तशाच दिसणाऱ्या जेपेगपेक्षां वेबपी चित्र सुमारें पाव ते एकतृतीयांश हलकें होतें, असें त्या कंपनीचें म्हणणें आहे. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरनें २०२० सालीं ती स्वीकारल्यावर सर्व प्रमुख ब्राउझर तिला ओळखूं लागले. दुसरी पद्धति ए.व्ही.आय.एफ.; तिचें प्रमाण २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. कमी वजनांत छायाचित्र नेटकें ठेवण्यांत ती बहुधा वेबपीच्याहि पुढें जाते, परंतु चित्र तयार करण्यास संगणकाला अधिक वेळ लागतो, आणि जुन्या मोबाइलांना ती समजत नाहीं. त्यावर तोड अशी आहे. पान लिहिणाऱ्याला पिक्चर या खुणेखालीं एकाच चित्राच्या तीन प्रती क्रमानें सांगतां येतात, प्रथम ए.व्ही.आय.एफ., मग वेबपी, शेवटीं जेपेग. वाचकाचा ब्राउझर त्यांतली आपल्याला समजणारी पहिली प्रत तेवढी मागवितो. तिन्ही प्रती उतरत नाहींत, आणि जुना मोबाइल वापरणारा वाचकहि उपाशीं राहत नाहीं.

परंतु पद्धतीच्या निवडीइतकेंच, किंबहुना तिच्याहूनहि अधिक, महत्त्व मापाला आहे. पुष्कळ मोबाइलांचा पडदा १०८० ठिपके रुंद असतो. त्यावर ४००० ठिपक्यांचें चित्र पाठविलें, तरी दिसावयाचे ते १०८० च. १०८० बाय ८१० च्या चित्रांत पावणेनऊ लक्षांच्या आसपास ठिपके असतात. म्हणजे मूळ चित्राच्या चवदाव्या हिश्श्याइतकेच. बाकीचे तेरा हिस्से हवेंतून आले, त्यांचे पैसे पडले, आणि मोबाइलनें ते टाकून दिले. म्हणून प्रथम चित्र योग्य मापाचें कापावें, आणि मग पद्धतीचा विचार करावा. एकाच चित्राच्या ४८०, ८०० व १२०० ठिपके रुंदीच्या प्रती करून ठेवल्या आणि त्यांची यादी पानांत दिली, तर लहान पडद्याला लहान व मोठ्या पडद्याला मोठी प्रत ब्राउझर आपणच निवडतो. ब्लॉक करणाऱ्यांची कागदागणिक जाळी ती हीच.

मापाबरोबर क्रमहि सांभाळावा. चित्राची रुंदी व उंची पानांत आधीं लिहिलेली असली, तर ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. नाहीं तर चित्र उशिरा येऊन मजकूर खालीं ढकलतें, आणि वाचकाचें बोट भलत्याच बटनावर पडतें. पानाच्या खालच्या भागांतील चित्रें वाचक तेथवर पोंचेल तेव्हांच उतरावीं, अशी सोय ब्राउझरांत आहे. मात्र ती माथ्यावरच्या पहिल्या चित्राला लावूं नये. तें तर आधीं यावयास हवें. पानांतील सर्वांत मोठा दृश्य भाग अडीच सेकंदांच्या आंत दिसावा, असा एक मापदंड गूगलनें २०२० सालीं घालून दिला आहे. आणि सर्वांत हलकें चित्र कोणतें, तर जें लावलेंच नाहीं तें. शोभेसाठीं हलणारीं फुलें, फिरते पडदे आणि अनोळखी हसरे चेहरे माथ्यावर लावण्यापूर्वीं, त्यांनीं वाचकाला काय कळतें, हा प्रश्न एकदां विचारून पाहावा.

हें सारें संकेतस्थळ चालविणाऱ्यांनाच उपयोगी, असें समजण्याचें कारण नाहीं. ज्या घरांत नोकरीसाठीं अर्ज करणारीं मुलें आहेत, त्या घराला हा विषय दारांतच भेटतो. बँकांतील भरतीच्या परीक्षा घेणारी आय.बी.पी.एस. ही संस्था मुंबईस आहे. तिच्या सूचनांत छायाचित्र २०० बाय २३० ठिपक्यांचें आणि २० ते ५० किलोबाइटांचें, तर सही १४० बाय ६० ठिपक्यांची आणि १० ते २० किलोबाइटांची असावी, असें सांगितलेलें आढळतें. ढाणकीची किंवा बिटरगांवची एखादी विद्यार्थिनी शेवटच्या तारखेला रात्रीं अर्ज भरीत असली, आणि तिच्या मोबाइलनें काढलेला फोटो ४ मेगाबाइटांचा असला, तर तो स्वीकारला जात नाहीं. आणि घाईनें वाटेल तसा दाबला तर चेहरा ओळखूं येत नाहीं. उपाय वर सांगितलेल्या क्रमांतच आहे. प्रथम चौकट कापावी. मग माप २०० बाय २३० करावें. आणि शेवटीं जेपेगची गुणता हळूहळू उतरवीत वजन मर्यादेंत आणावें. माप योग्य केल्यावर गुणता फारशी उतरवावी लागतच नाहीं. पुष्कळ लोक माप तसेंच ठेवून गुणताच पाडतात, आणि चित्र विनाकारण बिघडवितात. गिंप हें संगणकावरील मोफत साधन या कामीं पुरतें. स्क्वूश नांवाचें साधन ब्राउझरमध्येंच चालतें. त्यांत मूळ व दाबलेलें चित्र शेजारीं शेजारीं पाहतां येतें, आणि फोटो आपल्या यंत्राबाहेर जात नाहीं.

आणखी दोन गोष्टी गृहस्थांनीं ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. मोबाइलनें काढलेल्या छायाचित्रांत दिनांक, यंत्राचें नांव आणि, सोय चालू असल्यास, जागेचे अक्षांश-रेखांशहि लपलेले असतात. घरांत काढलेला मुलांचा फोटो संकेतस्थळावर गेला, तर त्याबरोबर घराचा पत्ताहि जावयाचा. चित्र हलकें करतांना ही माहिती काढून टाकावी. वजन थोडें घटतें, आणि घराची गुप्तता राहते. दुसरी गोष्ट अशी कीं, दाबलेली प्रत ही नेहमीं प्रतच असावी. पूर्वींचे छायाचित्रकार निगेटिव्ह जपून ठेवीत आणि हव्या त्या मापाचे प्रिंट काढून देत. तसेंच मूळ छायाचित्र निराळें जपावें आणि पाठविण्याची प्रत त्यापासून तयार करावी. आजोबांच्या जुन्या तसबिरीची ५० किलोबाइटांची प्रत अर्जाला पुरेल. तीन पिढ्यांनंतर तिचा मोठा प्रिंट काढावयाचा झाला, तर मात्र ती पुरणार नाहीं.

छायाचित्राला जेपेग, वेबपी किंवा ए.व्ही.आय.एफ.; आकृतीला पी.एन.जी.; बोधचिन्हाला एस.व्ही.जी.; मजकुराला अक्षरें; आणि सर्वांना जागेपुरतें माप, एवढे पांच नियम पाळण्यास मोठा खर्च लागत नाहीं, मोठी विद्याहि लागत नाहीं. एका चित्रामागें चालकाचीं दोन-चार मिनिटें जातात. तीं त्यानें वांचविलीं, तर तोच वेळ शेंकडों वाचकांना, प्रत्येकाला निराळा, आपल्या पदरचा खर्चावा लागतो. आणि ज्याची लहर सर्वांत क्षीण, त्याला सर्वांत अधिक. ज्यानें पान लिहिलें त्यानेंच हा भार उचलावा, हें न्यायाचेंहि आहे आणि काटकसरीचेंहि.